ब्रेकवरचा पाय

"दाब!" बापू बाहेरून ओरडला आणि मी ब्रेकवर जवळजवळ उभीच राहिले.

तातेरावांची जुनी फियाट पुढून जॅकवर चढवलेली होती. आष्टीत मोटारी मोजून चार, आणि चारही माझ्या बापूच्या, म्हणजे मच्छिंद्र मिस्त्रीच्या हाताखालून गेलेल्या. खड्ड्यात गेली की पुढून खटखट वाजते, अशी हिची तक्रार. बापूने चाक वर-खाली धरून हलवलं. खेळ होता, म्हणजे चाक जागच्या जागी सैल हलत होतं. आता बेरिंग ढिलं की किंगपिन झिजलेली, एवढंच ठरवायचं. किंगपिन म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं ती. ती तुटली तर चाक आडवंच पडतं. ब्रेक दाबल्यावर खेळ गेला तर बेरिंग, राहिला तर किंगपिन. नववीच्या सगळ्या पुस्तकांतल्या नियमांपेक्षा मला हा नियम आवडतो, कारण त्याला माझा पाय लागतो!

"बेरिंगच असंल," तातेराव म्हणाले. "आवळून दे जल्दी. सकाळी आईला जांबला न्यायचंय."

"बेरिंगच हाय," बापू म्हणाला. "ब्रेक लावला की गप झालं."

पण गप नव्हतं झालं. शेजारच्या गिरणीच्या घरघरीत काही ऐकू येत नव्हतं, तरी माझ्या पायाखालच्या पत्र्याला कट्‌कन धक्का लागला होता. एकदा नाही, दोनदा.

गेल्या हिवाळ्यापासून बापूच्या बोटांना मुंग्या येतात. चहाचा कडकडीत ग्लास हल्ली तो खुशाल मुठीत धरून बसतो. हे फक्त मला माहीत. मच्छिंद्रचा हात गेला, असं एकदा बाजारात झालं की चारही मोटारी जालन्याचा रस्ता धरणार. आणि गप्प बसावं, तर उद्या याच गाडीत एक म्हातारी बसणार.

"बापू, माझा पाय सटकला!" मी ओरडले. "ब्रेक लागलाच न्हाई. परत हलव."

"घ्या!" तातेराव हसले. "पोरीला मिस्त्री करून राह्यलाय, अन् तिला पाय सांभाळंना!"

मी जीभ चावून लाजल्यासारखं केलं. बापू हसला नाही. माझा पाय सटकत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक. तो माझ्याकडे बघत राहिला. मग खाली बसला, चाकामागच्या लोखंडाला कानशील टेकवलं आणि मी ब्रेक दाबल्यावर चाक हलवलं.

"किंगपिन," उठत तो म्हणाला.

"आरं, आत्ता तर बेरिंग म्हणालास!"

"चुकलो, तातेराव. आई उद्या न्हाई, परवा जातील."

तातेराव कुरकुरत एस.टी.ने जालन्याला गेले आणि नवी पिन आणि ती ज्यात बसते ते बुश घेऊन आले. दुसऱ्या दिवशी बापूने जुनी पिन ठोकून काढली. एका अंगाने ती पार खाल्ली गेली होती. तातेरावांनी ती हातात फिरवून पाहिली आणि मग कुरकुरले नाहीत. नवीन बुश बसले, पिन आत गेली, ग्रीस भरलं, चाक चढलं. मी धावत ड्रायव्हरच्या सीटकडे निघाले.

"तिकडं कुठं?" बापू म्हणाला. "चाक धर, पुष्पे."

तातेरावांच्या देखत म्हणाला. मग स्वतः आत जाऊन बसला, चप्पल काढली आणि ब्रेकवर पाय ठेवला.

"हलव."

मी वर-खाली धरून हलवलं. एकदा. पुन्हा एकदा, जोर लावून. तातेराव बापूकडे नाही, माझ्याकडे बघत होते.

"बराबर हाय, बापू."

गाडी खाली घ्यायची होती. पण बापूने ब्रेकवरचा पाय लगेच काढला नाही.