पुलावरचं ऊन

शनिवारी पूल उघडायचा होता, आणि त्याच दिवशीच्या अंकात त्याचं चित्र हवं होतं. म्हणजे चित्र आधीच तयार करायचं: पताका, गर्दी, हवेत उडवलेल्या टोप्या आणि लखलखीत ऊन. लंडनमध्ये मार्चात ऊन गृहीत धरायचं म्हणजे कमालच! पण या सचित्र साप्ताहिकातल्या समारंभांवर पहिल्या अंकापासून कधी पाऊस पडला नव्हता. पाऊस फक्त बोटी बुडताना.

मॅथायस क्रोहर्स्ट त्या पहिल्या अंकापासून तिथे लाकडावर चित्रं कोरत होता. मोठं चित्र एका ठोकळ्यावर मावत नसे. छोटे ठोकळे बोल्टनं जोडून त्यांवर चित्र काढायचं, मग सुटे करून एकेकाला एकेक तुकडा कोरायला द्यायचा. शेवटी ते पुन्हा जोडून सांध्यावरच्या रेघा मुकादम लस्बीसाहेब स्वतः जुळवत.

या वेळी मॅथायसकडे गर्दीची कड आली. त्याची बायको केझाया जिन्यावरून पडल्यापासून अंथरुणाला खिळली होती. पुलाचं काम सुरू झालं तेव्हा तो तिला म्हणून बसला होता, “उद्घाटनाला तुला मिरवत नेईन.” आता ते होणं नव्हतं आणि त्याच्या जिवाला ते फार लागलं होतं. म्हणून चित्रकारानं काढलेल्या एका बाईच्या जागी त्यानं केझाया कोरली. लग्नातली टोपी घातलेली, ताठ उभी. ओळखीचे चेहरे कोरल्याबद्दल पूर्वी दोघांना घरी बसावं लागलं होतं, हे त्याला ठाऊक होतं.

लस्बीसाहेबांनी भिंग लावलं.

“क्रोहर्स्ट, ही कोण?”

“गर्दीतली, साहेब.”

“गर्दीतल्या बाईला एवढं नटवतात?”

शेजारच्या टेबलावरचा जेबेझ ऑर्पिन फिदीफिदी हसला. “साहेब, आता पुलाकडे कोण बघतंय!”

“ऑर्पिन, तुझा तुकडा अजून अर्धा आहे. तोंड मीट आणि कोर.” एवढं बोलून साहेब मॅथायसचा तुकडा घेऊन गेले. केझायाला ठेवणार की तासून टाकणार, ते काही कळेना. विचारायची मॅथायसची छाती झाली नाही.

शनिवारी पाऊस कोसळत होता. अंक कोटाच्या आत धरून मॅथायस घरी आला. उघडायचा धीर होईना. तसाच बायकोच्या हातात दिला.

“अगं बाई! ही तर मी!”

मॅथायस मटकन खुर्चीत बसला.

“आणि तुम्ही कुठंयत?”

“मी कामावर होतो ना.”

“मग हा टकल्या कोण, माझा हात धरून उभा?”

तो वाकला. सांध्यापलीकडे, जेबेझच्या तुकड्यात, त्याचंच टक्कल होतं, त्याचाच चष्मा. केझायाची बोटं त्याच्या कोपरात गुंतली होती आणि मधला सांधा भिंगातूनही दिसला नसता. ते काम साहेबांशिवाय कुणाला जमणारं नव्हतं. मॅथायसला भरून आलं. चष्मा पुसायचं निमित्त करून त्यानं तोंड फिरवलं.

तेवढ्यात शेजारच्या गॅड्सबीबाई उद्घाटनाहून निथळत आत आल्या. “मेल्या पावसानं वाट लावली! पूल कसला दिसतोय, नुसत्या छत्र्या!” मग त्यांची नजर चित्रावर गेली. “अय्या, हे ऊन कुठं होतं हो?”

केझायानं चित्रावरची नजर काढली नाही.

“आमच्या बाजूला होतं,” ती म्हणाली.