डाव्या दारावरचा पोचा

"मामा, निघंल का न्हाई तेवढंच सांगा!"

ग्यानोबानं काकुळतीनं विचारलं. पांढऱ्या अँबेसिडरच्या मागच्या डाव्या दारावर संगप्पा तळहात फिरवत होता. पत्रा आत चेपून ताटाएवढा पोचा पडला होता. रंग मात्र कुठं उडाला नव्हता.

१९८२ सालचा ऑगस्ट. दुसऱ्या दिवशी लातूर नवा जिल्हा होणार, मैदानावर झेंडा लागणार. आणि नव्या कलेक्टरसाहेबांची ही गाडी ड्रायव्हर ग्यानोबा देवणी गावात उभी करून पाणी प्यायला गेला, तेवढ्यात एका वळूनं दाराला अंग घासलं. दोन गॅरेजवाले म्हणाले होते, पुट्टी, रंग, वाळवण; तीन दिवस लागतील.

"सायबाला सांगितलंस?"

"न्हाई. नोकरी जाईल, मामा."

"आदी सांगून ये. म्या पोचा काढतो, खोटं झाकत न्हाई."

ग्यानोबा मान खाली घालून चालत गेला. तासाभरानं परतला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "सायेब म्हणले, सकाळी गाडी बघून ठरवतो."

संगप्पानं दाराचा आतला पुठ्ठा उतरवला आणि मोगरी हातात घेतली. लाकडाची ती मोगरी उदगीरची. तिथं तो तांब्याच्या घागरी ठोकायचा. बहात्तरच्या दुष्काळात लोकांनी घागरीच मोडीत काढल्या, तेव्हा तो रोजगार हमीवर खडी फोडायला गेला. तिथल्या एका ट्रकचा चेपलेला पत्रा त्यानं याच मोगरीनं सरळ केला होता. तेव्हापासून औसा रस्त्यावर त्याचं हे पत्र्याचं शेड.

बायकोनं, रुद्राणीनं, गरम पाण्यात पोतं बुडवून दारावर धरलं. पत्रा ऊबदार झाला की रंग तडकत नाही. संगप्पा आतून ठोकू लागला. जोरानं नव्हे, जणू झोपलेल्याला उठवावं तसं. मध्येच डोळे मिटून बाहेरून हात फिरवायचा, पुन्हा आत शिरायचा. दिवेलागणीला त्यानं मोगरी खाली ठेवली.

"झालं?" ग्यानोबानं विचारलं.

"हात लावून बघ."

सकाळी धुतलेलं धोतर नेसून संगप्पा मैदानाच्या कडेला उभा राहिला. साहेब गाडीपाशी आले. डाव्या दारावर हात फिरवला, मग पलीकडं जाऊन उजव्या दारावर. पुन्हा डावीकडं आले.

"ग्यानोबा, कुठल्या बाजूला होता?"

"ह्याच दाराला, सायेब. ते बघा, ते आमचे मामा. त्यांनी काढला."

साहेबांनी गर्दीकडं पाहिलं. संगप्पानं हात जोडले. पण मान ताठच राहिली. ती आज वाकतच नव्हती.

"गाडी तूच चालव," साहेब ग्यानोबाला म्हणाले आणि मागं बसले. एरवी धाडकन आपटायचं ते दार त्यांनी दोन बोटांनी हळूच ओढून घेतलं.