सात चुका

माझ्या तोंडाला लगाम नाही, असं घरातले सगळेच म्हणतात. पण ज्या दिवशी ते उघडायला हवं होतं, त्या दिवशी नेमकी माझी दातखीळ बसली.

रोबोटिक्सच्या पदवीचं शेवटचं वर्ष होतं. माझा प्रोजेक्ट म्हणजे काचेचे ग्लास उचलून खोक्यात भरणारा यांत्रिक हात. माझी आई ग्लासांच्या कारखान्यात एकोणीस वर्षं हेच काम करते, त्यामुळे तुलनेसाठी माणूस शोधायला मला लांब जावं लागलं नाही. मॅनेजरांची परवानगी काढली आणि ती शंभर ग्लास भरत असताना व्हिडिओ घेतला, फक्त हातांचा. तिने बिचारीने केस उगाच नीट केले होते.

कारखान्यात इतका गोंगाट होता की घरी आल्यावर मी व्हिडिओचा आवाज बंद केला आणि मोजायला बसले. त्र्याण्णव ग्लास खोक्यात गेले. सात तिने उचलले, क्षणभर बोटांत धरले आणि बाजूला ठेवून दिले. प्रत्येक ग्लासला तिचं नख लागत होतं, तिकडे मी लक्षच दिलं नाही. मी लिहिलं, चुका सात. आई शेजारीच भाजी निवडत होती. “हे सात का गं बाजूला ठेवलेस?” एवढं विचारायला काय पैसे पडत होते? पण आम्ही पडलो इंजिनीअर. आम्हाला सगळं आधीच कळलेलं असतं.

सादरीकरणाला घरच्यांनाही बोलावलं होतं. आई अर्ध्या दिवसाची रजा टाकून, ठेवणीतले कपडे घालून आली आणि तिसऱ्या रांगेत बसली. पडद्यावर स्वतःचे हात दिसल्यावर ती जराशी पुढे सरकली. हातांखाली माझी ओळ होती: अकुशल कामगार, शंभरात सात चुका. ती लिहिताना मला काहीच वाटलं नव्हतं, हे आता जास्त लागतं.

मग माझ्या यंत्राने कारखान्यातून आणलेले चाळीस ग्लास एकामागून एक खोक्यात भरले. एकही निसटला नाही. बाहेरून आलेले परीक्षक खूश झाले. त्यांनी सहज विचारलं, “व्हिडिओतल्या या बाई कोण?”

“एका कारखान्यातल्या आहेत, सर. थोडी ओळख आहे.”

उचलली जीभ, लावली टाळ्याला. खोटं कशाला सांगू, पडद्यावर ‘अकुशल’ लिहिलेलं असताना ‘ही माझी आई’ म्हणायची मला लाज वाटली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आईनेही वाजवल्या.

परीक्षक चहाला गेले. गुण भरायचे अजून बाकी होते. आई टेबलापाशी आली आणि खोक्यातला एकेक ग्लास काढून त्यावर नखाने टिचकी मारू लागली. टण्ण. टण्ण. चौथा मात्र बद्द वाजला. तो तिने बाजूला ठेवला. चाळीस संपेपर्यंत असे तीन निघाले.

“हे देऊ नकोस कोणाला,” ती म्हणाली. “तडकलेत. डोळ्यांना दिसत नाही, टिचकीला कळतं. गरम काही ओतलं की फुटतील, उगाच कोणाचा हात कापायचा.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “त्या दिवशीचे सातही असेच होते, बाळा.”

घरी नवा कप आणला की ती आधी टिचकी मारते. लहानपणापासून बघत आलेय मी हे. आणि मला काय सुचावं, तर मी तिच्यावरच डाफरले, “मग मघाशी का नाही बोललीस?”

“तुझे मार्क होते ना.”

मेल्याहून मेल्यासारखं झालं. “थांब, मी आत्ताच त्यांना सगळं सांगते,” मी म्हटलं, आणि मी ते मनापासून म्हटलं होतं.

तेवढ्यात परीक्षक परत आले. हातात गुणांचा कागद होता. त्यांनी बाजूचे तीन ग्लास पाहिले, मग आईकडे पाहिलं. “आपण कोण?”

दोनच शब्द बोलायचे होते. आईने आधी माझ्याकडे पाहिलं, चांगला वेळ दिला मला. मी त्या कागदावरच्या रिकाम्या रकान्याकडे बघत राहिले.

“मी त्या कारखान्यातली,” आई म्हणाली. “हिची थोडी ओळख आहे.” तिने ते तीन ग्लास रुमालात गुंडाळून स्वतःच्या पिशवीत ठेवले.

“असं का?” परीक्षकांनी मला विचारलं.

मी मान हलवली. त्यांनी पेन काढलं आणि माझ्यासमोर लिहिलं, चुका शून्य.