वहिनीच्या खोलीतला मंगळवार

मंगळवारी दुपारी केतकीवहिनी गर्भपात करून दवाखान्यातून घरी आली, पलंगावर टेकली, आणि तिच्या खोलीतला मंगळवार पुढे सरकेचना. बाकी घरात बुधवार आला, गुरुवार गेला, शनिवार उजाडून उपमाही झाला. आत मात्र सव्वाचारच. तेच तिरपं ऊन, ताटलीतल्या पेरूच्या फोडी तशाच ताज्या.

तिच्या नणंदेला, दहावीतल्या ऋजुताला, आधी ही सोयच वाटली. बुधवारचा भूगोलाचा पेपर सपशेल बोंबलला होता; वहिनीच्या खोलीत तो अजून व्हायचाच असे.

पण मंगळवार उंबरा ओलांडू लागला. आई दादाला म्हणे, "शू! तिच्यापुढे विषय नको," की हॉलमधली आणखी एक फरशी सव्वाचारची होई. शुक्रवारी दादाचे बूट त्या उन्हात सापडले. ते घालून तो निघाला, तो थेट मंगळवारच्या ऑफिसात पोचला आणि अजून परतला नव्हता.

शनिवारी घराच्या बाहेरच्या दारापाशी दोनच फरशा सकाळच्या उरल्या.

"आई, दार गेलं तर बाहेर कसं पडायचं?"

"शू!"

एकच उरली.

ऋजुता तडक आत शिरली. "वहिनी, तुला बाळ हवं होतं?"

स्वयंपाकघरात आईच्या हातून झारा पडला.

"आत्ता नको होतं," वहिनी म्हणाली. "मीच ठरवलं. पुन्हा विचारलंस तरी तेच ठरवीन. तरी रडू येतं गं. मग वाटतं, स्वतःच ठरवलंस ना, आता रडतेस कशाला?"

"दोन्ही असू दे की! मार्क कोण कापतंय?"

वहिनीला नाकातून हसू फुटलं.

आई दारात येऊन उभी होती. ऋजुता तिच्याकडे वळली. "कुणी जन्मलं की सोयर दहा दिवस, कुणी गेलं की सुतक दहा दिवस. ह्याला किती गं?"

"ह्याला काही सांगितलेलं नाही." आई पदराशी चाळा करत राहिली. "मी तेव्हा दुसऱ्या दिवशी पापड लाटायला बसले होते."

वहिनीने मान वर केली. "आई, तुम्ही पण?"

आईने होकारार्थी मान हलवली आणि पलंगावर तिच्या शेजारी बसली. त्या दोघी कितीतरी वेळ बोलत होत्या. सव्वाचारच वाजले होते.

"मग आपणच ठरवू," ऋजुता म्हणाली. "वहिनी, किती दिवस देऊ?"

वहिनीने बोटांची पेरं मोजली. "पाच. लागले तर वर दोन."

"मंजूर!"

घड्याळात चार सोळा झाले. केतकीवहिनी उठली, उन्हाच्या फरशांवरून बाहेरच्या दारापर्यंत चालत गेली आणि उजवं पाऊल तिने शेवटच्या फरशीवर, शनिवारच्या सकाळीत ठेवलं. त्या पायाची सावली पश्चिमेला पडली. डाव्याची अजून पूर्वेलाच होती, आणि ती दोन्हींकडे बघत, तोल सांभाळत, कडी काढत होती.