पाच ओळींचा तक्ता

मी एक तक्ता बोलतोय. गुजरातेत, पांडेसऱ्यातल्या एका धर्मादाय दवाखान्यात, केसपेपरच्या टेबलावर मी असतो. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला गुजराती. दोन्हीकडे त्याच पाच साध्या ओळी. आलेल्या पेशंटला वाचता येतं का, एवढंच माझ्यावरून कळायचं.

ज्याला येत नाही त्याच्या केसपेपरवर वर्षा सिस्टर लाल गोल करायची. मग औषध देताना त्याला बसवून, सूर्य-चंद्र काढून समजवायचे. सोय चांगली होती. पण रांगेतल्या माणसांना तो गोल कपाळावर काढल्यासारखा वाटायचा.

सरलाबाई धुळ्याकडच्या. घरी साड्यांना टिकल्या लावून लावून बोटं सुजलेली, मूठ वळत नव्हती. रांगेत त्यांच्यापुढे शेजारची रंजना होती. तिने मला घडाघडा वाचलं, तेव्हा मागे सरलाबाईंचे ओठ हलत होते. रंजना हळूच म्हणाली, "तुले तं इतला भजनं पाठ शेतस. पाच ओळी काय!"

सरलाबाईंनी मला हातात घेतलं, बोट ठेवलं आणि पाचही ओळी मराठीत म्हटल्या. एक शब्द चुकला नाही. फक्त त्यांच्याकडे माझी गुजराती बाजू होती.

सिस्टर खाली मान घालून लिहीत होती. "वा मावशी! किती शिकलात?"

"चौथी," सरलाबाई लाजून म्हणाल्या.

मला ओरडावंसं वाटलं. पण माझ्याजवळ त्या पाच ओळींशिवाय बोलायला काहीच नव्हतं.

लाल गोल झाला नाही. सांध्यांच्या दहा गोळ्या मिळाल्या आणि छापील चिठ्ठी : आठवड्यातून एकच गोळी, सोमवारी.

अकराव्या दिवशी त्यांचे यजमान धुडकूभाऊ आले. कापडगिरणीच्या रंगखात्यातला माणूस, नखं निळी. "ताई, गोळ्या सरल्या. रोज एक, खाडा नाही केला. पण तिला तोंड आलंय, पाणीसुद्धा गिळवत नाही."

सिस्टर ताडकन उठली. "रोज? भाऊ, चिठ्ठीत लिहिलं होतं ना!"

"लिहिलं होतं?" धुडकूभाऊ चिठ्ठीकडे बघत राहिले. "मला कुठं वाचता येतं, ताई? ती म्हणे, मी वाचलंय."

सरलाबाईंना मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तिथून त्या परतल्या नाहीत. रंजना नंतर एकदा आली, मला नुसतं हातात धरून उभी राहिली आणि न वाचताच ठेवून गेली.

महिनाभर सिस्टर प्रत्येकाला माझी बाजू बघून द्यायची. मग रांग वाढली. आता माझ्या कडा उचकटल्यात आणि माझ्या ओळी सगळ्या वस्तीला पाठ आहेत. आज सकाळीच एकाने माझी गुजराती बाजू समोर धरून मराठी ओळी म्हटल्या. लाल गोल झाला नाही. त्याला कोणती गोळी मिळाली, मला ठाऊक नाही.

मला फेकून द्या. येईल त्या प्रत्येकाला बसवून समजवा, कुणालाच गोल करू नका. एवढंच सांगायचं आहे. पण ते माझ्या पाच ओळींत नाही.