लग्नाचं अक्षर

कडूबाने ‘सोजराबाई’मधला उभा, ठसठशीत ‘स’चा शिशाचा खिळा चिमट्याने उचलला आणि उकंडरावांनी त्याचा हात धरला.

“हे नोको. ते लग्नाचं अक्षर लाव.”

नवं मराठी राज्य होऊन दोन वर्षं झाली होती. नांदुऱ्यात वळणदार अक्षरांचे खिळे एकट्या कडूबाच्या छापखान्यात होते; खास मुंबईहून मागवलेले. बोरूने ओढल्यासारखं अक्षर. उकार वेलासारखा खाली उतरे, वेलांटी शेजारच्या अक्षरावर पदर धरी. ते लग्नपत्रिकांपुरतं. तेरवीला, म्हणजे तेराव्याच्या पत्रिकेला, उभं, काळं अक्षर. वाचता न येणाऱ्या बायाही दारात आलेला कागद तेवढ्यावरून ओळखत.

“उकंडभाऊ, तेरवीची पत्रिका हाय. लांबच्या बाया नवं लुगडं नेसून येतीन, न् मंग मले शिव्या देतीन. लग्नाचं एक काम भेटनार नाही मले यंदा.”

“माय सांगून गेली. चाळीस गावात हळदीची गानी म्हनली तिनं. म्हने, माह्या सोबतिनींच्या दारात काळं अक्षर धाडू नोको. घरी एकट्याच रडत बसतीन त्या.”

कडूबाने हातातला ‘स’ बघितला, परत खिळ्यांच्या पेटीत त्याच्या घरात टाकला. मजकूर त्याने खराच ठेवला. वळण तेवढं लग्नाचं.

तेरवीच्या दिवशी तो स्वतःच उकंडरावांच्या मळ्यात जाऊन बसला. शिव्या खायच्याच तर समोर बसून खाव्या.

दुपारी बैलगाडी आली. हिरव्या लुगड्यांतल्या पाच म्हाताऱ्या. पुढे सोजराबाईची गाण्यातली सोबतीण चांगुणा, हातात खण-नारळ.

“नवरी कोठी हाय रे उकंड?”

उकंडरावांनी तिच्या हातातला नारळ घेतला.

“मावशी, माय गेली.”

“पत्र तं लग्नाचं होतं.”

“तिनंच सांगतलं होतं तसं.”

कडूबाने मान खाली घातली. चांगुणा होती तिथेच बसली. पदरात तोंड घालून रडली. चौघींनी तिला मधे घेतलं. मग तिने डोळे पुसले, घसा साफ केला आणि नवरीच्या नावाच्या जागी सोजराचं नाव घालून हळदीचं गाणं उचललं.

हळद लावा बाई, कोवळ्या उन्हाची
सोजरा निघाली, वाट ही मानाची

चौघींनी ओळ झेलली. मांडवातल्या एकाही पुरुषाने त्यांना थांबवलं नाही.

आठ दिवसांनी चांगुणा छापखान्याच्या पायरीवर उभी होती.

“तेच अक्षर लाव माह्या पत्रिकेले.”

“लग्न कोनाचं हाय, मावशी?”

“लग्न कायचं घेऊन बसला बाप्पा. नाव माहं टाक. गावं सांगतो, लिहून घे.” ती बोटांवर गावं मोजू लागली. अकरावर थांबली. “तारीख तेवढी कोरी ठेवजो.”

कडूबाने तिला बसायला स्टूल दिलं आणि ‘च’च्या घरात हात घातला.