जाजाच्या चॅनलला कुलूप

टक्. दुपारच्या सामसूम घरात एवढाच आवाज झाला की समजावं, मी जागा झालो. आवाज इतका बारीक, की सोफ्यावर झोपलेली टेसा त्याने उठत नाही. फार तर कूस बदलते.

मित्रांनो, मी केबलचा बॉक्स. आता जुनाच म्हणायचा. टीव्हीखालच्या फळीवर बसलेला, काळा, चपटा, एका कोपऱ्यात मांजराचा ओरखडा मिरवणारा. भिंतीतून एक वायर माझ्यात येते, दुसरी टीव्हीत जाते. साऱ्या देशाची बडबड माझ्या पोटातून जाते, पण मला स्वतःला काय वाटतं ते आजवर कुणी विचारलं नाही.

कारखान्यात माझ्यासारखी असंख्य भावंडं होती. त्यातून माझी पाठवणी झाली ओहायोतल्या या सरोवराकाठच्या गावात. लेनर्डआजोबा कुबियाक तेव्हा काचेच्या कारखान्यात कामाला जायचे. त्यांची बायको डोलोरेस मला रोज फडक्याने पुसायची. मी उबदार म्हणून मांजर माझ्यावर येऊन बसे, तर तिने मला विणलेला रुमाल घातला, मांजराला खाली टोचू नये म्हणून. "घरातला सगळ्यात शहाणा हाच," ती म्हणायची. "सगळ्यांचं ऐकतो आणि उलट बोलत नाही." असं कौतुक नंतर कधी वाट्याला आलं नाही.

डोलोरेस गेली आणि घर मुकं झालं. ते मुकेपण सोसवेना म्हणून आजोबांनी बातम्यांचं एक चॅनल लावलं, ते लावलंच. सकाळच्या कॉफीला तेच, संध्याकाळच्या सूपला तेच. निवेदक त्यांच्याशी घरच्यासारखा बोले. आज कुणावर चिडायचं तेही सांगे. आजोबा मान डोलावत.

मग त्यांची मुलगी डाना नवऱ्यापासून वेगळी होऊन, पाच वर्षांच्या टेसाला घेऊन माहेरी राहायला आली. घराणं मूळचं पोलिश, म्हणून टेसा आजोबांना पोलिशमध्ये जाजा म्हणते. डानाचंही एक चॅनल होतं, आणि त्यावर आजोबांसारख्या माणसांची रोज टिंगल चाले. बापलेकीत रिमोटची ओढाओढ सुरू झाली. जेवण गार होई, टेसा टेबलाखाली जाऊन बसे. एके दिवशी टेसाने शेजारच्या मुलाला सांगितलं की तुझे आईबाबा देश विकायला निघालेत. डानाचा चेहरा उतरला. त्याच्या आठवडाभर आधी पोरीने जाजाला "अडाणी" म्हटलं होतं, तेव्हा मात्र डानाला हसू आलं होतं.

शेजारच्या मुलाचं ते कळलं त्याच दुपारी तिने रिमोट घेतला आणि लहान मुलांसाठी माझ्यात जे चार आकड्यांचं कुलूप असतं, ते बापाच्या चॅनलला घातलं. कंपनीने ते चॅनल बंद केलं असं त्यांना सांगून टाकलं. पुन्हा भांडणं पेटली तर टेसाला घेऊन दुसरीकडे खोली बघायची, हेही तिने फोनवर मैत्रिणीला सांगितलेलं मी ऐकलं.

आजोबांनी विश्वास ठेवला. लेक सांगतेय म्हटल्यावर कशाला खोटं वाटेल? ते टेसाला पत्ते शिकवू लागले, घरात हसू ऐकू येऊ लागलं. पण रोज सकाळी एकदा ते आपल्या चॅनलचा नंबर दाबून बघत. पडदा कोराच. गेलेल्या माणसाच्या दारावर टकटक करावी तसं ते वाटे, आणि डाना स्वयंपाकघरात खाली मान घालून भांडी विसळत राही.

गेल्या महिन्यात गावच्या शेतांवर सोलर पॅनल बसवायचे की नाही, यावर शाळेत सभा झाली. टेसालाही सोबत नेलं होतं. दोन्ही चॅनलांचे कॅमेरे आले होते. आजोबा विरोधात बोलले, डाना बाजूने.

संध्याकाळी तिघं सोफ्यावर बसून डानाचं चॅनल बघत होते. पडद्यावर आजोबा आले. "मला या पॅनलांतलं काही कळत नाही," एवढंच म्हणाले, आणि गेले. निवेदक आणि त्याचे पाहुणे पोट धरून हसले.

डाना हसली नाही. "बाबा, तुम्ही पुढे बोलला होतात. करार वाचायला गावाला वेळ द्या म्हणालात. ते कापलं यांनी."

आजोबा म्हणाले, असू दे.

"असू दे काय? तुमच्या चॅनलवर अख्खं दाखवलं असेल." तिने रिमोट उचलला, नंबर दाबला, पाठोपाठ चार आकडे. टक्. चॅनल उघडलं. आपल्या हाताने काय केलं हे तिला उघडल्यावर कळलं.

तिथे आजोबा खरंच अख्खे होते. पण मागोमाग डाना आली, आणि निवेदक म्हणाला की बाहेरून आलेल्या अशा बायका गावच्या जमिनींचा सौदा करतात.

आजोबा उभे राहिले. "बाहेरून? अरे, याच गावात जन्मली ती. मी होतो तिथे." इतक्या वर्षांत त्या निवेदकाला ते पहिल्यांदा उलट बोलले.

मग न वळताच म्हणाले, "कुलूप तू घातलंस."

"हो, बाबा."

"पोराटोरांचं कुलूप. बापाला."

"टेसा तुमच्यासारखी बोलायला लागली होती."

"आणि तुझ्यासारखी बोलली तेव्हा? मला अडाणी म्हणाली ती. तू हसलीस ते मी ऐकलं."

डानाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने कुलूप काढून टाकलं आणि रिमोट त्यांच्या हातात दिला. "चुकले मी. पण यापुढे तुमचं एकट्याने बघायचं नाही. मीही माझं एकटीने बघणार नाही."

"आणि जेवताना दोन्ही बंद," आजोबा म्हणाले. रिमोट त्यांनी सोफ्यावर मधोमध ठेवला.

मित्रांनो, मला पुसा, रुमाल घाला, असं मागणं नाही. दोन्ही चॅनलं माझ्यात एकाच वायरीने येतात. त्यांना वेगळं ठेवता ते तुम्ही. माझ्यातून जो माणूस दिसतो तो तुकड्यातुकड्याने दिसतो. त्याच्यावर चिडण्याआधी उरलेला माणूस कुठे गेला ते शोधा. कदाचित तुमच्याच सोफ्यावर बसलेला असेल. आणि जेवताना मला खुशाल बंद करा, मला राग येत नाही.

त्या संध्याकाळी टेसा दोघांच्या मध्ये शिरली, पाय पोटाशी घेतले आणि पडद्याकडे बघत राहिली. बराच वेळ ती काहीतरी यायची वाट बघत होती.

"आई," शेवटी तिने विचारलं, "सभा संपल्यावर सगळ्यांनी मिळून खुर्च्या आवरल्या ना, आणि जाजाने त्याच्यावर ओरडणाऱ्या त्या काकांची पण उचलली... ते कुठल्या चॅनलवर लागतं?"